निष्ठेचे कलम : अमेरिकन बेसबॉलमधील वेतन व बंधन

पूर्वीचे खेळाडू संघाशी एकनिष्ठ असत, हल्लीचे जिकडे पैसा तिकडे जातात, ही अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलविषयीची नित्याची तक्रार होय. ती सर्वस्वी निराधार नाही. परंतु ज्या निष्ठेची ती आठवण काढते, ती जवळजवळ शंभर वर्षे करारातील एका कलमाने सक्तीची केलेली होती, ह्या गोष्टीचा तिला सोयीस्कर विसर पडतो.

१८७९ साली नॅशनल लीगच्या संघमालकांनी आपसांत ठरविले की, प्रत्येकाने आपले पाच खेळाडू राखून ठेवावेत आणि इतरांनी त्यांना बोलावू नये. वेतनाची चढाओढ थांबविणे हा हेतू उघड होता. पुढे ही संख्या वाढत जाऊन सबंध संघच राखीव झाला. कराराची मुदत संपून नव्या वेतनाविषयी एकमत न झाल्यास मालकास जुना करार एक वर्ष पुढे चालविता येई. ह्या वाढीव वर्षाच्या करारातही तेच कलम अंतर्भूत असते, असा मालकांचा अर्थ. म्हणजे एक वर्ष सरले की दुसरे, दुसरे सरले की तिसरे. खेळाडूची सुटका खेळ सोडला तरच. मालक मात्र त्यास हवे तेव्हा विकू शके. बेसबॉलपटू ही जंगम मालमत्ता आहे काय, हा प्रश्न न्यूयॉर्कचा खेळाडू व कायद्याचा पदवीधर जॉन वॉर्ड ह्याने १८८७ सालीच लेखाच्या शीर्षकात विचारला होता.

न्यायालयांनी मालकांना साथ दिली. बेसबॉलचे सामने हा आंतरराज्यीय व्यापार नव्हे, म्हणून मक्तेदारीविरोधी कायदा त्यास लागू नाही, असा निर्णय १९२२ साली सर्वोच्च न्यायालयाने दिला. १९५७ साली हीच सवलत फुटबॉलला नाकारण्यात आली, पण बेसबॉलची कायम राहिली. ही विसंगती न्यायाधीशांनाही दिसत होती.

मालकांचे समर्थन असे की, कलम नसेल तर श्रीमंत शहरांचे संघ सर्व उत्तम खेळाडू पळवितील, सामने एकतर्फी होतील आणि प्रेक्षक पाठ फिरवतील. सायमन रॉटेनबर्ग ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९५६ साली ह्या युक्तिवादाचे मर्मच काढून घेतले. समजा, एखादा खेळाडू लहान शहराच्या संघास ५० हजार डॉलर मिळवून देतो आणि न्यूयॉर्कच्या संघास ८० हजार. कलम असले तर लहान संघाचा मालक त्यास मधल्या एखाद्या किमतीला विकील. कलम नसले तर तो आपण होऊन जाईल. दोन्ही प्रसंगी तो न्यूयॉर्कमध्येच खेळेल. फरक एवढाच की, स्थलांतराचा लाभ पहिल्या प्रसंगी मालकाच्या खिशात पडतो, दुसऱ्या प्रसंगी खेळाडूच्या. बेब रूथला बॉस्टनच्या मालकाने न्यूयॉर्कला विकले तेव्हा हे कलम पूर्ण अमलात होते! कोसचा सुप्रसिद्ध निबंध ह्यानंतर चार वर्षांनी, १९६० साली आला, हेही अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. पुढे जेराल्ड स्कली ह्याने १९७४ साली खेळाडूंच्या सीमांत उत्पन्नाची त्यांच्या वेतनाशी तुलना केली, तेव्हा नामांकित खेळाडूंच्या वाट्यास त्या उत्पन्नाचा थोडाच अंश येत असल्याचे दिसून आले.

करारात मालकांच्या निष्ठेविषयी कलम नव्हते. ब्रुकलिनचा डॉजर्स संघ १९५७ च्या हंगामानंतर लॉस एंजेलिसला नेण्यात आला, तो अधिक प्राप्तीच्या आशेनेच. सेंट लुइस संघाकडून बारा हंगाम खेळलेल्या कर्ट फ्लडची १९६९ साली फिलाडेल्फियाशी अदलाबदल झाली. त्याने नकार दिला. त्याचे वेतन वार्षिक ९० हजार डॉलर होते, त्यामुळे त्याच्याविषयी सहानुभूती फारशी नव्हती. पण आपण विकत घ्यावयाची वस्तू नाही, हे त्याचे म्हणणे वेतनाच्या आकड्याने खोटे ठरत नाही. १९७२ साली तो ५ विरुद्ध ३ मतांनी हरला.

कलम अखेर मोडले ते लवादापुढे. ‘एक वर्ष’ म्हणजे एकच वर्ष, असा निर्णय पीटर साइट्झ ह्यांनी डिसेंबर १९७५ मध्ये मेसरस्मिथ व मॅकनॅली ह्या दोन खेळाडूंच्या बाजूने दिला. सरासरी वेतन १९७६ मध्ये सुमारे ५१ हजार डॉलर होते. १९८० मध्ये ते १ लक्ष ४० हजारांवर गेले.

मात्र १९७६ च्या समझोत्यात सहा वर्षांच्या सेवेनंतरच मोकळीक देण्याचे ठरले आणि खेळाडूंच्या संघटनेचे प्रमुख मार्विन मिलर ह्यांनी ही मर्यादा खुशीने मानली. पोलाद कामगारांच्या संघटनेत अर्थतज्ज्ञ म्हणून काम केलेल्या मिलरना पुरवठ्याचे महत्त्व ठाऊक होते. दरवर्षी सर्वच खेळाडू मोकळे झाले असते, तर वेतन घसरले असते. ओकलंडचे मालक चार्ल्स फिनली नेमके हेच सुचवीत होते. इतर मालकांनी त्यांचे ऐकले नाही.