केस, कूळ आणि 'तुम्ही कुठचे?'

आपल्या कोकणात मुलीचे केस थोडे कुरळे असले की कौतुक होते. तेच केस स्प्रिंगसारखे घट्ट वळलेले असले तर प्रश्न येतो, 'तुम्ही कुठचे?' उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी मुलांना या प्रश्नाला लहानपणापासून तोंड द्यावे लागते. यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या तालुक्यांतले हे लोक घरात कोकणी बोलतात. त्यांत हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतले. त्यांतल्या अनेकांना पोर्तुगिजांनी गुलाम म्हणून आणले.

२०११ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात सिद्दींचा सुमारे ६० ते ७५ टक्के वारसा आफ्रिकी आणि उरलेला मुख्यतः भारतीय आढळला. म्हणजे इथली माती त्यांच्या रक्तात आहेच. पण रक्त दिसत नाही, केस दिसतात.

केस वळतो तो त्वचेखालच्या त्याच्या मुळाच्या पिशवीमुळे. पिशवी सरळ तर केस सरळ, वाकडी तर केस वळलेला. ही ठेवण अनेक जनुके मिळून ठरवतात, म्हणून मिश्र वंशाच्या घरात सख्ख्या भावंडांचे केसही वेगळे निघतात. घट्ट वळलेल्या केसांत टाळूचे तेल टोकापर्यंत पोचत नाही, ते कोरडे राहतात, सुके विंचरले की तुटतात. ओले करून, रुंद दातांच्या फणीने टोकाकडून सोडवावे लागतात. हे ठाऊक नसलेला माणूस त्यांना 'विस्कटलेले' म्हणतो, आणि मूल तो दोष स्वतःचा समजते.

हा विषय रत्नागिरीला परका नाही. अंजनवेलचा गोपाळगड १७४५ साली तुळाजी आंग्र्यांनी घेतला तो जंजिऱ्याच्या सिद्दींकडूनच. जंजिऱ्याची गादी १९४८ पर्यंत टिकली. आफ्रिकेत जन्मलेल्या मलिक अंबरने १६१० साली खडकी वसवली, तेच पुढचे औरंगाबाद. अशांना 'कुठचे?' म्हणून हिणवण्याची कोणाची छाती होती? रानात राबणाऱ्याला मात्र सहज हिणवले जाते. केसांना अर्थ चिकटतो तो माणसाच्या पायरीवरून.

म्हणून पायरी बदलणारी पावले मोलाची. उत्तर कन्नडच्या सिद्दींना २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने २०१९ साली केसांच्या ठेवणीवरून शाळेत वा नोकरीत भेदभाव करण्यास कायद्याने मनाई केली. आपल्याकडे अशा कायद्याची वाट कशाला पाहायची? कोकणीत बोलणाऱ्या मुलाला 'कुठचा?' विचारण्याआधी त्याची बोली ऐकली, तरी उत्तर मिळते.