रिमॅप : वाढलेल्या ताकदीचा हिशेब

आजच्या मोटारीत ॲक्सिलरेटर दाबल्याने इंधनाचा झोत थेट वाढत नाही. पाय किती दाबला गेला एवढीच वर्दी पेडलखालचा सेन्सर इंजिनाच्या संगणकाला देतो, आणि इंजिनाचा वेग, आत येणारी हवा, पाण्याचे तापमान व टर्बोचा दाब यांची सांगड घालून किती इंधन, कोणत्या क्षणी आणि किती वेळ सोडायचे याचा निर्णय तो संगणक घेतो. या संगणकाला ईसीयू किंवा ईसीएम म्हणतात. कारखान्याने त्यात भरलेले आकडे त्रयस्थाच्या सॉफ्टवेअरने बदलून गाडीची ताकद वाढवण्याच्या कामाला गॅरेजांमध्ये ‘रिमॅप’ हा शब्द रूढ झाला आहे. यंत्राचा एकही भाग न बदलता पिकअप वाढतो, ही त्याची मोहिनी आहे. परंतु ती वाढ कोठून येते आणि तिची किंमत कोण मोजतो, हे समजल्याशिवाय या व्यवहाराचे मोल ठरवता येत नाही.

इंधनाची फवारणी आणि ठिणगीची वेळ ही दोन्ही कामे एकत्र सांभाळणारी बॉशची ‘मोट्रॉनिक’ ही अंकीय प्रणाली 1979 मध्ये बीएमडब्ल्यू 732आय या गाडीतून बाजारात आली. त्या काळातील संगणकांत आकडे ज्या चिपमध्ये साठवलेले असत ती उपसून तिच्या जागी नव्या आकड्यांची चिप बसवणे, हीच ट्यूनिंगची पद्धत होती आणि ‘चिप ट्यूनिंग’ हे नाव त्यातूनच पडले. पुढे पुन्हा पुन्हा लिहिता येणारी फ्लॅश मेमरी आली; तसेच अमेरिकेत 1996 पासून ओबीडी-2 हा सोळा पिनांचा निदान-जोड सर्व नव्या मोटारींना सक्तीचा झाला. बिघाड शोधण्यासाठी स्टिअरिंगखाली दिलेल्या या जोडातूनच संगणकातील मजकूर वाचण्याची आणि बदलण्याची वाट ट्यूनर मंडळींना सापडली.

हा मजकूर म्हणजे मुख्यतः तक्त्यांचा संग्रह असतो आणि अशा प्रत्येक तक्त्याला ‘मॅप’ म्हणतात. पेट्रोल इंजिनाचा ठिणगीचा मॅप घेतला, तर त्याच्या एका बाजूला इंजिनाचे फेरे आणि दुसऱ्या बाजूला इंजिनावरचा भार मांडलेला असतो, तर प्रत्येक चौकटीत पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या किती अंश आधी ठिणगी पडावी याचा आकडा असतो. मिनिटाला 3000 फेरे घेणारा क्रँकशाफ्ट एका सेकंदात 18,000 अंश फिरतो. म्हणजेच चौकटीतील आकडा दोन अंशांनी वाढवणे म्हणजे ठिणगी सेकंदाच्या नऊ हजाराव्या भागाइतकी आधी पाडणे होय. एवढ्याशा फरकानेही ज्वलनाचा दाब पिस्टनवर अधिक अनुकूल क्षणी पडून ताकद वाढू शकते. मात्र ठिणगी गरजेपेक्षा लवकर पडली, तर उरलेले मिश्रण आपोआप भडकून इंजिनात ठोके पडू लागतात, ज्याला नॉकिंग म्हणतात. ठोके टिपणारा सेन्सर ठिणगी मागे ओढून इंजिन वाचवण्याचा प्रयत्न करतो, पण त्याच्याही क्षमतेला मर्यादा असते. म्हणूनच 100 ऑक्टेनच्या पेट्रोलवर बेतलेला मॅप घेऊन फिरणाऱ्या गाडीत वाटेवरच्या पंपावरचे साधे पेट्रोल भरणे महागात पडू शकते.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते, म्हणून तेथे खेळ इंधनाचे प्रमाण, फवाऱ्याची वेळ, कॉमन रेलमधील दाब आणि टर्बोचा दाब यांचा असतो. उपलब्ध हवेत जेवढे नीट जळेल तेवढेच इंधन सोडू देणारा धूरमर्यादेचा मॅप आणि क्लच व गिअरबॉक्सला झेपेल तेवढाच टॉर्क बाहेर येऊ देणारा टॉर्कमर्यादेचा मॅप, हे डिझेलचे दोन पहारेकरी होत. उतावीळ ट्यूनर नेमक्या याच दोन मर्यादा सैल करतो. रिमॅप केलेली एखादी गाडी चढावर काळ्या धुराचा लोट सोडते, तेव्हा अर्धवट जळालेले डिझेलच बाहेर पडत असते.

टर्बो असलेल्या इंजिनांत केवळ सॉफ्टवेअरने वीस ते तीस टक्के ताकद वाढल्याचे दावे केले जातात आणि अनेक इंजिनांत ते खरेही ठरतात. टर्बो नसलेल्या इंजिनात मात्र जास्तीची हवा कोंबण्याची सोयच नसल्याने वाढ जेमतेम असते. यावर साहजिकच प्रश्न पडतो, की एवढी ताकद इंजिनात दडलेली असताना कारखान्याने ती का सोडली? याचे उत्तर असे, की तोच मॅप राजस्थानच्या उन्हाळ्यात, लडाखच्या विरळ हवेत, भेसळीच्या इंधनावर आणि वेळेवर ऑइल न बदलणाऱ्या मालकाच्या हातीही वर्षानुवर्षे टिकावा लागतो. कारखान्याने राखलेली शिल्लक अशा वाईट दिवसांसाठी असते. फियाटचे 1248 सीसीचे मल्टिजेट डिझेल इंजिन स्विफ्टमध्ये सुमारे 75 अश्वशक्ती, तर अर्टिगामध्ये सुमारे 90 अश्वशक्ती देत असे. परंतु ही जास्तीची ताकद मिळवताना टर्बोही बदलून पात्यांचा कोन कमी-जास्त करणारा बसवण्यात आला होता. केवळ आकडे वाढवून तीच मजल गाठणारा रिमॅप जुन्या टर्बोलाच जास्त राबवतो.

प्रत्यक्ष काम वरकरणी सोपे दिसते. मूळ फाइल लॅपटॉपवर उतरवून घेतली जाते, तिच्यातील मॅप बदलले जातात, फाइल अखंड असल्याची खूण पटवणारी चेकसमची बेरीज नव्याने जुळवली जाते आणि मग फाइल परत संगणकात लिहिली जाते. लिहिताना वीज खंडित झाली तर संगणक निकामी होऊ शकतो, म्हणून जाणकार कारागीर बॅटरीला बाहेरून वीजपुरवठा जोडूनच हे काम करतो. नव्या गाड्यांतील संगणक कूटबद्ध स्वाक्षरीशिवाय फाइल स्वीकारत नसल्याने काही वेळा तो गाडीतून काढून टेबलावर उघडावा लागतो. ‘ट्यूनिंग बॉक्स’ या स्वस्त उपकरणाची रीत याहून वेगळी आहे. ते सेन्सर आणि संगणक यांच्या मध्ये बसून रेलमधील दाब प्रत्यक्षापेक्षा कमी असल्याची खोटी बातमी पोहोचवते आणि फसलेला संगणक दाब वाढवत राहतो.

या व्यवहाराची दुसरी बाजू हवेशी निगडित आहे. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 निकषांनी डिझेल मोटारींच्या नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरमागे 250 मिलिग्रॅमवरून 80 मिलिग्रॅमवर आणली, आणि काजळी अडवण्यासाठी डीपीएफ ही गाळणी जवळजवळ अटळ झाली. गाळणी तुंबली की ती काढून टाकायची आणि संगणकाने तक्रार करू नये म्हणून सॉफ्टवेअरमध्ये तिचे अस्तित्वच पुसायचे, अशी सेवा काही ट्यूनर सर्रास देतात. डिझेलच्या पीयूसी चाचणीत धुराची दाटी मोजली जाते, नायट्रोजन ऑक्साइड मोजले जात नाहीत. त्यामुळे अशी गाडी प्रमाणपत्र मिळवूनही विषारी वायू ओकत राहू शकते. सॉफ्टवेअरच्या या सामर्थ्याची सर्वांत मोठी साक्ष 2015 मध्ये खुद्द एका कारखान्यानेच दिली. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरते प्रदूषण घटवणारा कार्यक्रम फोक्सवॅगनने जगभरातील सुमारे 1 कोटी 10 लाख डिझेल गाड्यांत घातल्याचे उघड झाले, आणि भारतात पुण्याच्या एआरएआय या संस्थेने केलेल्या चाचण्यांनंतर कंपनीने सुमारे 3 लाख 23 हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले. वैयक्तिक ट्यूनिंगचेही एकत्रित ओझे लहान नसते. 2020 पूर्वीच्या दशकभरात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप ट्रकांवरील प्रदूषणरोधक यंत्रणा काढल्या गेल्याचा अंदाज अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने त्याच वर्षी मांडला होता.

भारतीय कायदाही याबाबत उदार नाही. नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलांहून वेगळे होतील असा बदल मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 ने निषिद्ध केला आहे, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. याखेरीज कंपनीची वॉरंटी नाकारली जाण्याचा आणि विमा कंपनीपासून बदल लपवल्यास अपघातानंतर दाव्यावर वाद उद्भवण्याचा धोका राहतो, तो वेगळाच.

बंदिस्त ट्रॅकवरच्या शर्यतीच्या गाडीसाठी रिमॅप हे मान्यताप्राप्त आणि बुद्धीचा कस पाहणारे शास्त्र आहे. रस्त्यावरच्या गाडीच्या मालकाला मात्र हा खर्च स्वतःच्या इंजिनापुरता मर्यादित ठेवता येत नाही, कारण धूर त्याच्या मागून चालणाऱ्यांच्या छातीत जातो. तरीही मोह आवरत नसेल, तर मूळ फाइलची प्रत, डायनो या ताकद मोजणाऱ्या यंत्रावरचे आधीचे व नंतरचे मोजमाप आणि झालेल्या प्रत्येक बदलाची लेखी नोंद आधी मागावी. आणि जो ट्यूनर हे देण्यास कचरेल किंवा डीपीएफ काढण्याचा सल्ला देईल, त्याच्या हाती गाडीची किल्ली देऊ नये.