पारितोषिकाची प्रतिष्ठा निवडीच्या रीतींत

गुरांच्या प्रदर्शनांत बैलास पहिलें बक्षीस मिळालें, म्हणजे धन्यास होणारा आनंद केवळ रुपयांचा नसतो. आपलें जनावर जाणत्यांनीं पारखून नांवाजलें, याचा तो असतो. परंतु परीक्षकाचाच बैल रांगेंत उभा असेल, तर त्याच बक्षिसाचें हसें होतें. यासाठीं निवडीची चोख रीत कशी असते, हें दाखविण्याकरितां स्वीडनच्या शाही विज्ञान अकादमीचें उदाहरण आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

ही अकादमी १७३९ सालीं स्टॉकहोम येथें स्थापन झाली. आल्फ्रेड नोबेल यांच्या १८९५ च्या मृत्युपत्रास अनुसरून पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र यांचीं पारितोषिकें ती १९०१ पासून देत आली आहे. येथें कोणासही स्वतःचें नांव सुचवितां येत नाहीं. सप्टेंबरांत निवडक विद्वानांस पत्रें जातात व ३१ जानेवारीपर्यंत त्यांच्या सूचना याव्या लागतात. पुढें अकादमीनें निवडलेली समिती तज्ज्ञांचीं मतें घेऊन अहवाल तयार करते. समितीचें काम शिफारशीपुरतें. निर्णय ऑक्टोबरच्या आरंभीं अकादमीचे सभासद बहुमतानें करितात व त्यावर अपील नाहीं. एका पारितोषिकाचे वांटेकरी तिघांहून अधिक नसतात. सुचविलेलीं नांवें व त्यांवरील मतें पन्नास वर्षें गुप्त राहतात. त्यानंतर तीं अभ्यासकांस पाहतां येतात. गुप्ततेमुळें भिडेस वाव कमी राहतो, आणि कागद पुढें उघडे होणार या जाणिवेनें परीक्षकांवर वचक राहतो.

या निवडींत शेतीसही मान मिळाला आहे. १९४५ चें रसायनशास्त्राचें पारितोषिक फिनलंडचे आर्तुरी विर्तानेन यांस मिळालें. हिरवा चारा मुरवितांना त्यांत पातळ आम्लें मिसळलीं, तर चारा नासत नाहीं व त्यांतील पौष्टिक अंश टिकतो, हें त्यांनीं सिद्ध केलें होतें.

योग्य काम न आढळल्यास पारितोषिक राखून ठेवावें, असाही नियम आहे. १९१८ चें रसायनशास्त्राचें पारितोषिक असेंच राखलें गेलें व १९१९ मध्यें तें जर्मनीच्या फ्रिट्झ हाबर यांस देण्यांत आलें. हवेंतील नायट्रोजनपासून अमोनिया करण्याची कृति त्यांची. आज आपल्या शेतांत पडणारा युरिया याच अमोनियापासून होतो. परंतु १९१५ सालीं रणांगणावर विषारी वायु सोडण्याच्या कामीं हेच हाबर पुढें होते, म्हणून या निवडीवर मोठा गहजब झाला. नियम पाळल्यानें पक्षपात टळतो. मात्र कोणाचा गौरव करावा, याचा विवेक परीक्षकांसच करावा लागतो.

आमच्या पीकस्पर्धा व प्रदर्शनें भरविणाऱ्या संस्थांनीं यांतून निदान तीन गोष्टी घ्याव्यात. ज्याचा माल स्पर्धेंत आहे त्यास परीक्षक नेमूं नये. परीक्षकांनीं आपल्या मताचीं कारणें लिहून ठेवावीं. आणि योग्य माल न आल्यास बक्षीस राखून ठेवण्यास संकोच करूं नये. यास खर्च कांहींच नाहीं, आणि असें मिळालेलें बक्षीस शेजारचा शेतकरीही मानील.