हातभर अंतरावरची दोन तोंडं

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. रसायनांचे टँकर इथल्या लोकांच्या रोजच्या पाहण्यातले. टँकरच्या पाटीवर चार आकडे असतात: १८३० म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड, १७९१ म्हणजे हायपो (हायपोक्लोराइटचं द्रावण), १८२४ म्हणजे कॉस्टिक सोड्याचं द्रावण. रस्त्यात टँकर उलटला तर अग्निशमन दलाला आत काय आहे ते या आकड्यांवरून कळतं. पण गाडी कारखान्यात शिरून होज पाइप खाली उतरला की पाटी गाडीवरच राहते. पुढचं सगळं पाइपाच्या तोंडावर काय लिहिलंय, त्यावर.

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात ॲचिसन नावाचं गाव आहे. आपल्याकडे दोंडाईच्यात मक्याचं स्टार्च होतं, तसं तिथल्या एका कारखान्यात गव्हाचं होतं. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी सकाळी तिथे सल्फ्युरिक ॲसिडचा टँकर आला. ऑपरेटरने ॲसिडच्या लाइनचं कुलूप काढलं, जागा दाखवली आणि तो कामाला परत गेला. शेजारीच हायपोची लाइन होती. दिसायला तशीच, अंतर १८ इंच, म्हणजे बरोबर एक हात. तिलाही त्या दिवशी कुलूप नव्हतं. चालकाने होज तिथे जोडला.

ॲसिड हायपोत पडलं की क्लोरीन सुटतो. हिरवट-पिवळा ढग इतक्या झपाट्याने पसरला, की टँकरच्या व्हॉल्व्हपर्यंत पोहोचणंही चालकाला जमलं नाही. १४० हून अधिक लोकांना उपचार घ्यावे लागले. अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने तपास केला, तेव्हा चालकापेक्षा मांडणीतले दोष ठळक दिसले: जवळजवळची तोंडं, सारखी जोडणी, अपुऱ्या खुणा.

इंग्लंडमधल्या कॅमलफर्डची गोष्ट १९८८ची. बदली चालकाने जलशुद्धीकरण केंद्रात २० टन ॲल्युमिनियम सल्फेट भलत्याच टाकीत सोडलं आणि ते हजारो घरांच्या नळाला गेलं. त्याच्या हातातली किल्ली तिथल्या बहुतेक कुलपांना लागत होती!

खानदेशातली कितीतरी कुटुंबं पोटापाण्यासाठी सुरतेत आहेत, म्हणून सुरतेजवळच्या सचिन गावची घटना इथे जवळची वाटते. ६ जानेवारी २०२२ रोजी तिथल्या औद्योगिक वसाहतीत टँकरमधलं रसायन बेकायदा नाल्यात सोडलं जात होतं. विषारी वायू झाला, सहा कामगार गेले. ती नजरचूक नव्हती, गुन्हा होता. पण न जुळणारी रसायनं एकत्र आली की काय होतं, ते तिथेही दिसलं.

उपाय महागडे नाहीत. ॲसिड आणि हायपोच्या तोंडांना वेगवेगळ्या मापाचं कपलिंग बसवलं, तर चुकीचा होज जोडलाच जाणार नाही. ‘सावध राहा’ अशा दहा पाट्यांपेक्षा हे एक काम मोलाचं. प्रत्येक लाइनला स्वतंत्र कुलूप, त्याची एकच किल्ली, पाइपाच्या तोंडाशीच मराठी-हिंदीत नाव, आणि होज सुटेपर्यंत कारखान्याचा माणूस तिथून हलणार नाही, हा दंडक.

शिवाय, टँकर रिकामा करण्याआधी नमुना तपासायचा. हायड्रोमीटरवर तीव्र सल्फ्युरिक ॲसिड १.८४ च्या आसपास भरतं, त्यामुळे ते लगेच ओळखू येतं. हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि हायपो मात्र १.१५-१.२० च्या घरात, एकमेकांच्या इतके जवळ की घनता फसवू शकते. तिथे लिटमसची पट्टी कामाला येते. ॲसिडात ती लाल होते आणि लालच राहते. हायपोत आधी निळी होते, मग बघता बघता पांढरी पडते.