घर पाडायला देताना आधी विचारा, सिमेंटचे पत्रे कुठे जाणार?



दिवाळी झाली की आपल्या किनाऱ्यावर जुनी घरं मोडायला सुरुवात होते. केरीपासून मोरजीपर्यंत दर हंगामात कुणाचं तरी घर उतरतं. पुढच्या चवथीला गणपती नव्या घरात बसवायचा असतो, त्यामुळे सगळी घाई. जानेवारी 2023 मध्ये मोप विमानतळावरून विमानं सुरू झाली तेव्हापासून तर घर नवं करताना वर दोन खोल्या भाड्याला काढायचा विचारही पेडण्यात घरोघरी चालतो. त्यात गैर काही नाही. पण घर मोडायचं काम कुणाला द्यायचं हे आपण फक्त दर बघून ठरवतो, आणि त्याबद्दल सोसायटीच्या कार्यालयात इतक्या गोष्टी कानावर येतात की एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं.

आपली घरं कशी वाढत गेली ते आठवा. आधी चुडतांची खोप होती. मग मातीच्या किंवा चिऱ्याच्या भिंती आणि वर मंगळुरी कौलं आली. त्यानंतर मागे पडवी काढली, न्हाणी बांधली, जाळी आणि इंजीन ठेवायला शेड केली, आणि या वाढवलेल्या भागावर सिमेंटचे पत्रे पडले. लोखंडी पत्रा खाऱ्या वाऱ्यात काही वर्षांत चाळण होतो, सिमेंटचा टिकतो, म्हणून सगळ्यांनी तोच घेतला. त्या काळी तो निर्णय शहाणपणाचाच होता. पण त्या पत्र्यात सिमेंटबरोबर साधारण 8 ते 10 टक्के एसबेस्टॉसचे तंतू असतात. पत्रा अखंड असेपर्यंत हे तंतू सिमेंटने धरून ठेवलेले असतात. तो फोडला, ग्राइंडरने कापला, घासला की तंतू हवेत सुटतात.

हे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत. फायबरची होडी घासताना अंगाला खाज सुटते, माणूस लगेच सावध होतो. इथे खाज नाही, वास नाही, खोकलासुद्धा त्या दिवशी येत नाही. श्वासातून आत गेलेला तंतू फुफ्फुसात राहतो आणि आजार दिसायला 20 ते 40 वर्षं लागू शकतात. फुफ्फुस कडक होत जाऊन दम लागणं, फुफ्फुसाचा कॅन्सर, फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर असे ते आजार आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 27 जानेवारी 1995 च्या निकालात एसबेस्टॉसच्या कारखान्यांना सांगितलं की कामगाराच्या तब्येतीची नोंद तो कामाला लागल्यापासून निदान 40 वर्षं किंवा काम सुटल्यावर 15 वर्षं, यातलं जे नंतर येईल तोपर्यंत जपून ठेवा. त्यावरून हा आजार किती उशिरा डोकं वर काढतो ते लक्षात यावं. साठहून जास्त देशांनी एसबेस्टॉस बंद केलं आहे. आपल्या देशात त्याच्या खाणी बंद झाल्या, पण रशिया, कझाकस्तान, ब्राझीलमधून माल येतो आणि पत्रे आजही दुकानात मिळतात. आपली जी मुलं मोठ्या जहाजांवर कामाला आहेत त्यांना विचारा. 1 जानेवारी 2011 पासून जहाजावर नव्याने एसबेस्टॉस बसवायलाच आंतरराष्ट्रीय नियमाने बंदी आहे.

पण घाबरून उद्याच शिडी लावू नका. धड असलेला, न फुटलेला पत्रा जागेवर असेल तर तो राहू द्यावा. पावसाआधी शेवाळ काढायला तारेच्या ब्रशने किंवा खराट्याने खसाखसा घासतात, ते मात्र बंद करा. अखंड पत्रा घासून घासून आपणच त्याचे तंतू मोकळे करतो. आणि अशा पत्र्यावर थेट पाय देऊन कुणाला चढवू नका, जुना पत्रा पायाखाली बिस्किटासारखा तुटतो.

आता ठेकेदाराकडे येऊ. जुनं घर मोडणाऱ्याचा हिशेब आपल्याला माहीत असायला हवा. त्याला हवं असतं लाकूड, कौलं, चिरे, लोखंडी खिडक्या. सागवानाचे, फणसाचे वासे आणि धड कौलं यांना गिऱ्हाईक आहे, म्हणून कधी कधी तो आपल्यालाच चार पैसे देऊन घर मोडतो. सिमेंटच्या जुन्या पत्र्याला किंमत नाही. 10 फुटी एक पत्रा 40 किलोच्या आसपास, म्हणजे वाहतुकीचा खर्च तेवढा. मग तो काय करतो? जेसीबी घालून सगळं एकत्र पाडतो, चुरा मातीत मिसळून नव्या पायाच्या भरावात टाकतो, नाहीतर रात्री ट्रकने नेऊन खाजनाच्या कडेला, नदीच्या काठी ओततो. एका सभासदाच्या घराचे पत्रे असेच गेले आणि दोन महिन्यांनी त्याच वाड्यावरच्या बायकांना खाडीत तिसऱ्या काढताना पायाखाली लागले. एकीचा तळवा चिरला, दुसऱ्या कुणाचं जाळं फाटलं. ज्याने घर मोडलं तो ठेकेदार तोवर दुसऱ्या गावात होता, फोन उचलत नव्हता.

शापोरा नदीच्या अलीकडे पेडणे, पलीकडे डिचोली आणि बार्देस. एका काठावर टाकलेली घाण भरती-ओहोटीबरोबर दुसऱ्या काठाला लागते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. डिचोलीकडे नार्वे, पिळगाव भागात नदीवर पोट असलेल्या सभासदांनाही हे तितकंच लागू आहे. तिकडे कुणी खाणीच्या आवारातल्या किंवा धक्क्यावरच्या शेडीचे जुने पत्रे स्वस्तात आणून गोठ्याला, कोंबड्यांच्या खुराड्याला लावले असतील तर तेही याच हिशेबात धरा.

म्हणून दर विचारण्याआधी ठेकेदाराला एक प्रश्न विचारा. पत्रे कसे उतरवणार आणि कुठे नेणार? "ते आमच्यावर सोडा" असं उत्तर आलं तर त्याचा दर कितीही कमी असो, आमचा सल्ला आहे की दुसरा माणूस बघा. भारतात घरगुती पत्रे काढणाऱ्यांसाठी वेगळं लायसन घेतलेला ठेकेदार शोधायला गेलात तर मिळायचा नाही. त्यामुळे त्याचं काम आपल्यालाच कागदावर बांधून घ्यावं लागतं.

कामाचा क्रम महत्त्वाचा. जेसीबी अंगणात यायच्या आधी पत्रे हाताने, एकेक करून, अखंड उतरले पाहिजेत. उतरवण्यापूर्वी फवारणीच्या पंपाने पाणी मारून ओले करायचे, पाण्यात थोडा साबण घातला तर पाणी नीट मुरतं. आपल्याकडे हुकाचे बोल्ट खाऱ्या हवेने गंजून बसलेले असतात, म्हणून माणसं सरळ हातोडा मारतात किंवा ग्राइंडर लावतात. दोन्ही नको. बोल्ट कटरने हुक तोडायचा आणि पत्रा दोरीने खाली सोडायचा, वरून टाकायचा नाही. मजुरांसाठी फळ्या टाकून वर चालायची सोय हवी, कारण पत्रा मोडून खाली पडणं हा या कामातला सगळ्यात जवळचा धोका आहे. तोंडाला रुमाल बांधून किंवा कापडी मास्क लावून भागत नाही, एफएफपी3 किंवा पी100 प्रकारचा मास्क लागतो. तो ठेकेदाराने मजुरांना द्यायचा, आणि नसेल तर आपण घेऊन द्यावा. दोन-चार मास्कचे पैसे घराच्या खर्चात कुठे दिसणारही नाहीत. उतरलेले पत्रे आणि पडलेले तुकडे जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून टेपने बंद करायचे आणि वर ठळक अक्षरात लिहायचं. खालचा चुरा कोरड्या केरसुणीने झाडायचा नाही, ओला करून गोळा करायचा.

इथे घरातल्या बायकांसाठी खास सांगतो. हे काम कोरड्या दिवसांत चालतं, म्हणजे नेमके जेव्हा पुरुष दर्यावर असतात. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते तेव्हा पुरुष घरी, पण तेव्हा पाऊस, घर कोण मोडणार? त्यामुळे ठेकेदार सकाळी येतो तेव्हा दारात आई, बायको, नाहीतर म्हातारे आजोबा असतात. काय ठरलंय ते त्यांना माहीत नसेल तर ठेकेदार म्हणेल ती पूर्व दिशा. कराराचा कागद घरात राहू द्या आणि त्यांना वाचून दाखवा. त्या दिवशी अंगणात सुके बांगडे, सुंगटं वाळत घालू नका. विहीर आणि पाण्याची टाकी झाका. पोरांना शेजारच्या वाड्यावर पाठवा. मजुरांचे किंवा घरच्या पुरुषांचे त्या दिवशीचे कपडे झटकू नका, घरच्या कपड्यांत धुवू नका. कपड्यांवरच्या धुळीने कामगारांच्या बायकांना हा आजार झाल्याचं जगात ठिकठिकाणी दिसलं आहे. आणि जुन्या पत्र्याचा तुकडा मासे वाळवायला किंवा कपडे धुवायला वापरत असाल तर तो आता बाजूला करा.

पत्रे नेणार कुठे? मोडकामाचा साधा मलबा वेगळा आणि हे वेगळं. एसबेस्टॉसचा कचरा 2016 च्या नियमांत धोकादायक कचऱ्यात येतो. तसा कचरा घेण्याची राज्याची सोय गोवा कचरा व्यवस्थापन महामंडळाकडून सत्तरीत पिसुर्ले इथे केलेली आहे. आपल्या घरचे पत्रे तिथे कोणत्या रीतीने आणि काय दराने घेतील ते घर मोडायच्या आधी पंचायतीमार्फत लेखी विचारा, आणि प्रत साळगावच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्या. धोकादायक कचरा हलवताना फॉर्म 10 चा मॅनिफेस्ट असतो. त्याची प्रत किंवा माल पोचल्याची पावती हातात येईपर्यंत ठेकेदाराचे निदान चौथा हिस्सा पैसे राखून ठेवा. करारात पत्र्यांची संख्या लिहा. चाळीस उतरले आणि पंचवीस पोचले तर पंधरा कुठे गेले हे विचारता आलं पाहिजे. लाकूड, कौलं कुणाची आणि मजुराला इजा झाली तर विमा आहे का, हेही त्याच कागदावर.

पत्र्याखेरीज बाकीचं थोडक्यात. जुन्या दारं-खिडक्यांवर, विशेषतः होडीचा उरलेला रंग मारलेला असेल तर, शिसं असू शकतं. घरगुती रंगातलं शिसं 90 पीपीएमच्या वर नको हा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासूनचा, त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. असं लाकूड न्हाणीच्या चुलीत पाणी तापवायला जाळू नका. ट्यूबलाइट फोडू नका, आत पारा असतो. इंजीनच्या शेडीतली तेल मुरलेली माती भरावात घालू नका.

आणखी एक गोष्ट, आणि आमच्या मते किनाऱ्यावरच्या माणसासाठी ती पत्र्याइतकीच मोठी आहे. घर पाडलं की ते तिथे होतं याचा पुरावाही पडतो. सीआरझेडची पहिली अधिसूचना 19 फेब्रुवारी 1991 ची. समुद्राच्या भरतीरेषेपासून 200 मीटरच्या आत, आणि नदीकाठी 100 मीटर किंवा नदीच्या रुंदीइतकं यातलं जे कमी असेल त्याच्या आत, नवं बांधकाम होत नाही. 2011 च्या अधिसूचनेप्रमाणे आधीपासून असलेलं अधिकृत घर दुरुस्त करता किंवा पुन्हा बांधता येतं, पण तेवढ्याच पायावर, तेवढ्याच क्षेत्रात. म्हणून किनारपट्टी व्यवस्थापन प्राधिकरणाची आणि पंचायतीची परवानगी हातात आल्याशिवाय एक कौलसुद्धा काढू नका. जुन्या घरपट्टीच्या पावत्या, वीजबिलं, सर्वे प्लॅनवर दिसणारं घर, एक-चौदाचा उतारा, चारी बाजूंचे फोटो, मोजमाप, सगळं आधी जमवा. मुंडकार असाल तर 1975 च्या कायद्याखालची आपली नोंद मामलेदाराकडे झाली आहे ना ते बघा, आणि नसेल तर घराला हात लावण्याआधी वकिलाला विचारा. "आधी मोडूया, परवानगी मागाहून येते" असं सांगणारा ठेकेदार आपलं काम संपवून जाईल, नोटीस आपल्या नावाने येईल.

मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा कितीजणांचे पत्रे फुटून उडाले ते आपण पाहिलं. त्यातले तुकडे अजून काही परसांत माडाच्या बुडाशी पडून आहेत. तेही ओले करून, गुंडाळून, मोजून ठेवा.

एकट्याच्या पंधरा-वीस पत्र्यांसाठी पिसुर्ल्यापर्यंत ट्रक करणं परवडत नाही, हे आम्हाला कळतं. म्हणून सोसायटीच्या बैठकीत ठरलं आहे की यंदा ज्यांना घर किंवा शेड मोडायची आहे त्यांची नावं एकत्र करून महामंडळाला एकच पत्र द्यायचं, आणि मंजुरी आली की वाड्यावार एकेक ट्रक करून खर्च वाटून घ्यायचा. कार्यालयात नाव देताना पत्र्यांची संख्या, लांबी, किती फुटलेले आहेत आणि काम कधी काढणार ते सांगा. कराराचा मराठीतला साधा मसुदा कार्यालयात ठेवला आहे, सभासदांनी प्रत घेऊन जावी. बिगर सभासद शेजाऱ्यांची नावंही घेऊ, कारण त्यांचे पत्रेही याच नदीत जाऊ शकतात.