रात्री पाय स्वस्थ का बसत नाहीत?

सोलापुरात विडी वळणाऱ्या बायका दिवसभर मांडीवर सूप घेऊन बसतात. रात्री पाठ टेकल्यावर पोटऱ्यांत वळवळ सुरू झाली, की पायाला फडकं आवळून बांधायचं, नाहीतर लेकीला दाबायला बसवायचं, हा घरगुती उपाय. दोष जातो बैठ्या कामावर किंवा वयावर.

पण हा थकवाच असेल असं नाही. पाय हलवावेसे वाटणं अनावर होतं, पडून राहिल्यावर वाढतं, चार पावलं चाललं की ओसरतं आणि संध्याकाळनंतर जोर धरतं, तेव्हा तो ‘रेस्टलेस लेग्ज’ हा मेंदूशी निगडित आजार असू शकतो. पेटका वेगळा; त्यात स्नायू आवळून गोळा येतो. थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६७२ मध्ये रेस्टलेस लेग्जचं वर्णन केलं, तर स्वीडनच्या कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोमनी १९४५ मध्ये सविस्तर अभ्यास मांडला.

हालचालींवर ताबा ठेवणारं डोपामिन मेंदूत तयार व्हायला लोह लागतं. हिमोग्लोबिन ठीक असूनही मेंदूत लोह अपुरं असू शकतं. म्हणून शरीरातला लोहसाठा दाखवणारं फेरिटिन तपासतात. सर्वसाधारण अहवालात ‘नॉर्मल’ दिसणारा आकडाही इथे कमी ठरू शकतो. मिलिलिटरमागे ७५ नॅनोग्रॅम वा त्याहून कमी असेल, तर डॉक्टर लोह देण्याचा विचार करतात. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असताना ही तपासणी क्वचितच सांगितली जाते, हे खटकतं.

दुसरा धागा मूत्रपिंडाचा: ते बिघडलं, की झोपही मोडते आणि पायांची वळवळही जडू शकते. निरोगी मूत्रपिंड रात्री गाळण्याचा वेग कमी करतं आणि लघवी घट्ट बनवतं, म्हणून आपण सलग झोपतो. ते बिघडू लागलं, की हे कसब लवकर जातं आणि रात्री उठावं लागतं. शिवाय रक्तपेशी बनवायला लावणारं एरिथ्रोपोएटिन मूत्रपिंडातच तयार होतं. ते घटलं की रक्तक्षय. दिवसभर यंत्रमागावर उभ्या कामगाराच्या घोट्यांत साचलेलं पाणीही आडवं पडल्यावर रक्तात परततं आणि लघवीवाटे निघतं. त्यामुळे रात्री उठावं लागणं म्हणजे मूत्रपिंडच बिघडलं, असंही नाही.

डायलिसिसवरच्या रुग्णांत पायांची ही तक्रार बरीच आढळते. आठवड्यातून तीनदा चार-चार तास सुई टोचलेला हात स्थिर ठेवून पडायचं आणि पाय मात्र पळा म्हणतात! मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर अनेकांची वळवळ थांबते. डायलिसिसने तसं सहसा होत नाही. उलटीवरच्या मेटोक्लोप्रमाइडने आणि ॲलर्जीच्या काही जुन्या, गुंगी आणणाऱ्या गोळ्यांनी ती वाढते, तेव्हा डॉक्टरांकडे जाताना चालू औषधांची चिठ्ठी न्यावी. लोहाच्या गोळ्या मात्र मनाने सुरू करू नयेत. जादा लोह यकृतात साठतं.