नेम वाचनाचा, ध्यास अर्थाचा

आज आषाढ शुद्ध एकादशी. चंद्रभागेच्या वाळवंटात टाळमृदंगाचा घोष चालू आहे, आणि ज्यांना येथवर येणे घडले नाही अशा असंख्य भाविकांच्या घरी देवापुढे चातुर्मासाचा संकल्प सोडला जात आहे. कोणी कांदा-लसूण वर्ज्य करील, कोणी एकभुक्त राहील, कोणी गृहिणी नित्य गोपद्मे काढील. आणि पुष्कळ घरांतून ज्ञानेश्वरी, दासबोध अथवा एकनाथी भागवत यांच्या वाचनाचा नेम धरला जाईल. या अखेरच्या नेमाविषयीच दोन शब्द भाविक वाचकांपुढे ठेवावयाचे आहेत.

“नुसत्या नामाने तरता येते असे संत सांगतात; मग ग्रंथांचा अभ्यास कशासाठी?” हा प्रश्न कीर्तनानंतर मला वारंवार विचारण्यात येतो. प्रश्न प्रामाणिक आहे. संतांनी कोरड्या पांडित्याची टीका केली, हेही खरे. परंतु ती टीका अभ्यासाची नव्हे, अभ्यासाच्या अहंकाराची होती. तुकोबारायांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत स्वतःच सांगितले आहे की, आरंभी आपले चित्त अभ्यासात रमत नव्हते. तेव्हा त्यांनी विश्वासाने आणि आदराने पूर्वसंतांची वचने पाठ केली, आणि कीर्तनकारांच्या मागे उभे राहून ध्रुपद धरले. ज्यांच्या वाणीने महाराष्ट्र डोलला, त्यांनीही प्रथम दुसऱ्यांची वाणी कंठात आणि हृदयात साठविली होती.

एकनाथ महाराजांचे चरित्र तर या बाबतीत दीपस्तंभच होय. ज्ञानेश्वरी शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये नेवासे येथे सिद्ध झाली. पुढे सुमारे तीनशे वर्षांत हस्तलिखितांच्या नकला होत गेल्या, नकलाकारांच्या हातून चुका शिरल्या, पाठभेद वाढले. नाथांनी शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये ग्रंथाची प्रत शुद्ध करून दिली. आळंदीच्या अजानवृक्षाची मुळी माउलींच्या कंठास लागली होती व त्यांनी नाथांना दृष्टांत दिला, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. पण दृष्टांत झाल्यावर नाथांनी काय केले, हे पाहावे. ते समाधीपुढे केवळ हात जोडून बसले नाहीत. ओवी ओवी तपासली, अशुद्ध दूर केले, आणि या ग्रंथात आपल्या पदरची ओवी कोणी घालू नये, असे शेवटी बजावले. एकेका अक्षरासाठी झिजणे हीच त्यांची पूजा होती.

अर्थाविना पठणाविषयी आपली परंपरा मोठी परखड आहे. वेद मुखोद्गत करूनही ज्यास अर्थ कळला नाही, तो केवळ भार वाहणारा खांब होय, असा दाखला यास्कांच्या निरुक्तात आहे. हा दाखला मी तरुणपणी पाठ केला होता. तो मलाच लागू आहे, हे मात्र पुष्कळ उशिरा कळले.

तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एका खेड्यातील सप्ताहात व्यासपीठ माझ्याकडे होते. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे ९,०००. सात दिवसांत संपवावयाच्या, तर रोज १,२०० हून अधिक वाचावयास हव्यात. पहिले दिवस बरे गेले. मधून मधून थांबून मी चार शब्द अर्थाचे सांगत असे. पाचव्या दिवशी पावसाने खोळंबा केला, वाचन मागे पडले, म्हणून मी गती वाढविली. त्या दिवशीचे अध्याय वेळेत संपले याचे मला मोठे समाधान वाटले. आरती झाल्यावर एक निरक्षर वृद्ध माउली पाया पडावयास आली आणि म्हणाली, “महाराज, काल म्या घरी जाऊन सुनांस्नी चार गोष्टी सांगितल्या. आज काय सांगू?”

संस्कृतच्या परीक्षा दिलेला मी, तिच्यापुढे निरुत्तर झालो. ग्रंथ मी वाचला होता, पण अभ्यास तीच करीत होती. श्रवण, त्याचे मनन, आणि जे कळले ते घरी वाटणे, या तिन्ही पायऱ्या ती रोज चढत होती. नवविधा भक्तीत श्रवणास पहिले स्थान का, आणि समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकाचा आरंभ श्रवणभक्तीने का केला, हे त्या दिवशी मला उमगले. दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा थांबू लागलो. समाप्तीस उशीर झाला, महाप्रसादाची पंगत खोळंबली, यजमान किंचित रुष्टही झाले. त्या माउलीला घरी नेण्यापुरते काही मिळाले असावे, एवढ्यावर मी संतोष मानला.

सप्ताहाची थोरवी कमी करण्याचा येथे हेतू नाही. एका स्वरात ग्रंथ वाचणाऱ्या गावाचे दर्शन पुण्यप्रदच आहे. परंतु घरच्या नेमास घाई कशाची? चातुर्मासाचे दिवस सुमारे १२०. ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय, तो भक्तियोगाचा, अडीचशे ओव्यांच्या आतला. रोज दोन-तीन ओव्या घेतल्या तरी कार्तिकीपूर्वी तो पूर्ण होतो. सायंकाळी दिवा लागल्यावर घरातील एकाने ओवी वाचावी, कठीण शब्द अडला तर सार्थ प्रत पाहावी, आणि आजीने अथवा नातवाने आपल्या शब्दांत अर्थ सांगावा. ज्यास वाचता येत नाही त्याने ऐकावे. त्याचा अधिकार तिळभरही उणा नाही.

असो. त्याच बाराव्या अध्यायात भगवंतांनी ज्ञानाच्याही वर ध्यान आणि ध्यानाच्याही वर कर्मफलत्याग ठेवला आहे, हे विसरू नये. ग्रंथ ही वाट आहे. वाटेलाच पंढरी समजून बसू नये. पण वाट न चालता पंढरी कोणास दिसली आहे? यंदाच्या कार्तिकीस किती अध्याय झाले, हे कोणी न मोजता, घरी सांगण्याजोगे काय मिळाले हे प्रत्येकाने पाहावे, हीच पांडुरंगाच्या चरणी प्रार्थना.